पगारपत्रकातला भेदभाव कसा तपासायचा

पगारपत्रकं तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. फाइल उघडून पाच मिनिटं होत नाहीत तोच कुणीतरी विचारतं, "मग, भेदभाव आहे की नाही?" तेव्हा हाताशी असतात फक्त दोन सरासऱ्या. पुरुषांची इतकी, बायकांची तितकी. एवढ्यावर आरोपही सिद्ध होत नाही आणि सुटकाही होत नाही.

आधी सगळ्यांचा तासाचा दर काढा. महिन्याचा पगार घेतला तर ओव्हरटाइम आणि अर्धवेळ काम त्यात मिसळतं. बोनस वेगळ्या रकान्यात ठेवा. मूळ पगार जपून ठरवणारे बोनसमध्ये हात सैल सोडतात. सरासरीबरोबर मध्यकही, म्हणजे सगळे पगार क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणारा आकडाही काढा, कारण वरच्या चार साहेबांमुळे सरासरी फुगते.

मग फरकाची रास्त कारणं मांडा. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने १७७६ मध्येच पाच सांगितली होती: काम किती त्रासाचं, शिकायला किती खर्च, ते कायम मिळतं का, माणसावर किती विश्वास टाकावा लागतो आणि यश मिळण्याची शक्यता किती. रात्रपाळीचा भत्ता यातल्या पहिल्या कारणात बसतो. पण सगळ्यात घाणेरडी कामं बहुधा सगळ्यात कमी पैशांत होतात, कारण ती करणाऱ्यांपुढे दुसरा पर्याय नसतो. म्हणून "तिनेच हे काम निवडलं" असं कुणी म्हणालं, तर दुसरं कुठलं काम तिला देऊ केलं होतं ते विचारा.

आता हिशेब. समजा, पुरुषांच्या नोंदींवरून असं सूत्र निघालं: रुजू होताना तासाला २०० रुपये, वर अनुभवाच्या दर वर्षाला २०. त्यांचा सरासरी अनुभव १० वर्षं, म्हणजे पगार ४००. बायकांचं सूत्र: सुरुवात तीच २००, पण दर वर्षाला १५. सरासरी अनुभव ८ वर्षं, पगार ३२०. तफावत ८०. आता बायकांची ८ वर्षं पुरुषांच्या सूत्रात घाला. येतात ३६०. म्हणजे ८० पैकी ४० कमी अनुभवामुळे. उरलेले ४० तेवढ्याच अनुभवाला कमी दर लावल्यामुळे. रोनाल्ड वाहाका आणि ॲलन ब्लाइंडर या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेली पद्धत ती हीच.

उलटही करून बघा. पुरुषांची १० वर्षं बायकांच्या सूत्रात घातली की ३५० येतात. आता अनुभवाचा वाटा ३० आणि न उलगडलेला, म्हणजे अनुभवाने न समजावता येणारा, ५०. दोन्ही हिशेब बरोबर आहेत, म्हणून अहवालात दोन्ही द्या. एकच आकडा पुढे करणारा तपासनीस बहुतेक वेळा सोयीचा आकडा पुढे करत असतो.

खरी गोम पुढे आहे. एचआरवाले म्हणतात, "पदही धरा की! मॅनेजरची तुलना मॅनेजरशीच व्हायला हवी." पद धरलं की तफावत झरझर आटते आणि सगळ्यांचे चेहरे खुलतात. पण पद दिलं कुणी? एकाच दिवशी, एकाच पात्रतेवर रुजू झालेल्या दोघांपैकी त्याला तिसऱ्या वर्षी बढती मिळाली आणि तिला सहाव्या. चौथ्या वर्षी पगारपत्रक बघा: त्याचा पगार त्याच्या पदाला साजेसा, तिचा तिच्या पदाला. कागदावर सगळं स्वच्छ! म्हणून मी प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारते: हे माणूस स्वतःबरोबर घेऊन आलं की मालकाने दिलं? शिक्षण आणि आधीचा अनुभव माणूस घेऊन येतो. पद, ग्रेड, मूल्यमापनाचे गुण मालक देतो. मालकाने दिलेल्या गोष्टी "कारण" म्हणून खपवून घेऊ नका, त्यांचीच तपासणी करा. हिशेब एकदा पद धरून, एकदा न धरता करा. आणि दोन बढत्यांमध्ये किती महिने गेले याचा तक्ता वेगळा काढा.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. न उलगडलेला सगळा भाग भेदभावच असतो असं नाही. नोकरीतला खंड, एखादं दुर्मीळ कौशल्य नोंदीतच नसेल तर तेही त्याच भागात जाऊन पडतं.

ज्यांना दारातूनच परत पाठवलं, ती माणसं पगारपत्रकात नसतातच. म्हणून अर्जांची नोंदवहीही मागा. मेरिअन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लइनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेत बॉस्टन आणि शिकागोतल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवले होते. एमिली, ग्रेग अशी गोऱ्यांची वाटणारी नावं असलेल्या अर्जांना लकीशा, जमाल अशा कृष्णवर्णीयांच्या वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. हा अभ्यास २००४ मध्ये छापून आला. तुमच्याकडे निदान एवढं बघा: अर्ज किती, बोलावलं किती, घेतलं किती, प्रत्येक गटाचं वेगळं.

तफावत नक्की झाली की तिचं मूळ शोधा, कारण उपाय त्यावर ठरतो. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकरने १९५७ मध्ये मांडलं की पूर्वग्रह बाळगणारा मालक त्याची किंमत स्वतः मोजतो, त्यामुळे स्पर्धेत तो मागे पडायला हवा. पण पूर्वग्रह ग्राहकांचा असेल, तर स्पर्धा काही कामाची नाही. एडमंड फेल्प्स आणि केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञांचा मुद्दा निराळा: मनात आकस नसतानाही मालक माणसाची माहिती अपुरी म्हणून त्याच्या गटाच्या सरासरीवरून अंदाज बांधतो. अशी तफावत सुरुवातीला मोठी असते आणि मालकाला काम दिसू लागतं तशी कमी होते. तिथे निवडीची पद्धत सुधारावी. तफावत वर्षांगणिक वाढत असेल तर बढत्या आणि रजा बघा. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आजची बरीचशी तफावत एकाच व्यवसायात आणि पहिल्या मुलानंतर उघडते, हे त्यांच्या कामातून दिसलं. तेव्हा मातृत्वाच्या रजेआधीची आणि नंतरची पगारवाढ त्याच बाईची त्याच बाईशी ताडून बघा.

ज्या विभागात बायका चार-पाचच आहेत, तिथे सरासरी काढू नका. सारखं काम आणि सारखा अनुभव असलेल्या एकेका बाईची एकेका पुरुषाशी जोडी लावून बघा.

शेवटी अहवालाला एक यादी जोडा. सूत्राने येतो त्यापेक्षा ज्यांचा पगार बराच खाली आहे त्यांचे फक्त कर्मचारी क्रमांक, आणि प्रत्येकापुढे कारणासाठी रिकामा रकाना. तो मालकाने भरायचा. कारण तारखेसह आणि जुन्या नोंदीतलं हवं. "कामगिरी बेताची" एवढंच लिहून आलं तर यादी तशीच परत पाठवा.