इनोडीबीतली डेडलॉक तपासणी बंद करण्याआधी

डेडलॉक म्हणजे दोन ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारे बदल) एकमेकांच्या लॉकसाठी अडून बसणं; मायएसक्यूएलचं स्टोरेज इंजिन इनोडीबी ते आपोआप तपासतं. पण एकाच रोवर (टेबलातल्या ओळीवर) शेकडो कनेक्शन एकदम येऊन आदळली की सीपीयू भरलेला दिसतो आणि कामं मात्र सरकत नाहीत. मायएसक्यूएल ८.०.१८ च्या आधी, लॉकसाठी अडलेलं प्रत्येक ट्रान्झॅक्शन स्वतःच लॉक सिस्टिमचा म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) धरून कोण कोणासाठी थांबलंय ते शोधत बसायचं. रांग लांबली की शोधही लांबायचा, बाकीचे सगळे ताटकळायचे. नंतर हे काम बॅकग्राउंड थ्रेडकडे गेलं. त्यामुळे आधी आवृत्ती पाहा. नवी असेल तर तपासणी बंद करून खरंच काही हाती लागतं का, ते मोजून ठरवा.

१. इनोडीबी_प्रिंट_ऑल_डेडलॉक्स चालू करून एरर लॉग पाहा. डेडलॉक वारंवार होत असतील तर इथेच थांबा आणि आधी अपडेटचा क्रम सगळीकडे एकसारखा करा.

२. इनोडीबी_लॉक_वेट_टाइमआउट, म्हणजे लॉकसाठी किती थांबायचं ती मुदत, मुळात ५० सेकंदांचा असतो. तो एक-दोन सेकंदांवर आणा. ग्लोबल बदल फक्त नव्या कनेक्शनना लागू होतो, म्हणून कनेक्शनचा पूलही (आधीच उघडून ठेवलेली कनेक्शन) नव्याने उघडा.

३. आता खरी मेख. डेडलॉक सापडला की १२१३ ही एरर येते आणि अख्खं ट्रान्झॅक्शन रोलबॅक होतं, म्हणजे त्यातले सगळे बदल मागे जातात. तपासणी बंद असताना येते ती १२०५ (लॉकसाठी थांबायची मुदत संपली), आणि तिच्यात फक्त शेवटचं स्टेटमेंट मागे जातं. आधीचे बदल तसेच राहतात, त्यांचे लॉकही. अशा वेळी कोडने एरर गिळून कमिट केलं तर एका खात्यातून पैसे गेलेले आणि दुसऱ्यात न पोचलेले, असा हिशेब कायमचा नोंदला जातो. तेवढंच स्टेटमेंट पुन्हा चालवणं हा तर शुद्ध वेडेपणा, कारण समोरचा ज्या लॉकसाठी अडलाय तो तुम्ही सोडलेलाच नसतो.

इनोडीबी_रोलबॅक_ऑन_टाइमआउट चालू करा, म्हणजे १२०५ लाही अख्खं ट्रान्झॅक्शन रोलबॅक होईल, असं सर्रास सुचवलं जातं. त्याला सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो, आणि उद्या कुणी कॉन्फिग बदललं की संरक्षण गेलं. माझं म्हणणं एकच: १२०५ दिसली की कोडमध्येच रोलबॅक करा आणि ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून चालवा. यावर विश्वास ठेवू नका, तपासा. टेस्ट सर्व्हरवर तपासणी बंद करून दोन सेशनमध्ये ट्रान्झॅक्शन उघडा, त्याच दोन रो उलट क्रमाने अपडेट करा आणि १२०५ आल्यावर त्याच सेशनमध्ये सिलेक्ट चालवा. पहिला अपडेट तिथेच बसलेला दिसेल.

४. इनोडीबी_डेडलॉक_डिटेक्ट ऑफ करा. रीस्टार्ट लागत नाही.

पोस्टग्रेसवाल्यांनी हा खटाटोप करू नये. तिथे डेडलॉक_टाइमआउट, म्हणजे मुळात एक सेकंद, थांबल्यावरच तपासणी सुरू होते.