इथेनॉलमिश्रित पेट्रोल वापरताय? या चुका टाळा

माझी जुनी कार्ब्युरेटरवाली (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग म्हणजे कार्ब्युरेटर) मोटारसायकल एकदा चार महिने उभी राहिली. परत बाहेर काढली तेव्हा किक मारून मारून पाय दुखायला लागला, पण ती काही सुरू होईना. गॅरेजमध्ये प्लग बदलला, मग कॉइल बदलली, तरी तेच. शेवटी मीच कार्ब्युरेटरखालचा ड्रेन स्क्रू सैल केला आणि पेट्रोल काचेच्या बाटलीत उतरवलं. थोड्या वेळाने बाटलीत सरळ दोन थर दिसले. इंजिन तळचा थर ओढत होतं आणि त्या थरात बरंचसं पाणीच होतं. प्लग आणि कॉइल विनाकारण बदलले गेले. तेव्हापासून कोणी म्हणालं की इथेनॉलमुळे गाडी बिघडली, तर मी आधी विचारतो, गाडी किती दिवस उभी होती?

गाडी महिनोन्‌महिने तशीच उभी ठेवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. इथेनॉल हे एक अल्कोहोल आहे आणि त्याला पाण्याची ओढ असते. साध्या पेट्रोलच्या दहा लिटरमध्ये जेमतेम एक-दोन मिलिलिटर पाणी विरघळतं. तेवढ्याच ई-10 मध्ये, म्हणजे 10 टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये, सामान्य तापमानाला साधारण 50 मिलिलिटर पाणी मुरतं. रोज फिरणाऱ्या गाडीच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे, कारण टाकीतला थोडाफार ओलावा इंधनाबरोबर जळून जातो. पण पाणी त्या मर्यादेपलीकडे गेलं, किंवा थंडी वाढून मर्यादाच खाली आली, की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतं. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोके न देता जळण्याची क्षमता, घटतो. पंप किंवा कॉक इंधन खेचतो ते मात्र टाकीच्या तळाजवळूनच.

हवेतला दमट ओलावा टाकीत शिरतो हे खरं, पण बंद टाकीत त्याचा वेग फार कमी असतो. माझ्या मते झाकणाचं कडक झालेलं रबर, झाकणावर थेट मारलेला धुण्याचा फवारा आणि पावसात उघडी राहिलेली टाकी यांचा हात जास्त असतो. म्हणून आधी झाकणाचं सील तपासा.

दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी लागणार नसेल तर दोनपैकी एक गोष्ट करा. एक तर टाकी ताज्या पेट्रोलने जवळजवळ भरून ठेवा, म्हणजे आत हवेला जागा कमी राहते. नाहीतर टाकी पूर्ण रिकामी करा. कार्ब्युरेटर असेल तर त्यातलं पेट्रोलही काढून टाका, कारण त्याच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांमध्ये, वाळलेला चिकट थर काढताना फार जीव मेटाकुटीला येतो. पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर वापरायचंच असेल तर ते ताज्या पेट्रोलमध्ये, गाडी ठेवण्याआधी टाका. एकदा थर वेगळे झाले की ते काही कामाचं नाही.

थर झाल्याची शंका असेल तर किक किंवा स्टार्टर मारत बसू नका. वरून नवं पेट्रोल ओतलं की सगळं मिसळेल या आशेवरही राहू नका. टाकी तळापासून रिकामी करा, फिल्टर बदला आणि मगच नवं पेट्रोल भरा.

ॲव्हरेजचा हिशेब चुकीचा मांडणं

"इथेनॉल आलं आणि ॲव्हरेज निम्मं झालं" हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. आकडे वेगळं सांगतात. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे 21. म्हणजे ई-10 मध्ये ऊर्जा साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी होते आणि ई-20 मध्ये सात टक्क्यांच्या आसपास. लिटरला 50 किलोमीटर देणारी गाडी ई-20 वर साधारण साडेशेहेचाळीस देईल. ही घट खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण गाडी 50 वरून 38 वर आली असेल तर टायरमधली हवा, एअर फिल्टर, घासणारा ब्रेक आणि प्लग बघा. इथेनॉलच्या नावावर खपवलेला बिघाड तसाच वाढत राहतो.

मोजायचं असेल तर टाकी काठोकाठ भरा, गाडी वापरा, पुन्हा तेवढीच भरा आणि किलोमीटर भागिले लिटर करा. असं निदान तीन-चार वेळा केल्याशिवाय मत बनवू नका.

जुनं रबर आणि तुंबलेला फिल्टर

इथेनॉल चांगला द्रावकही आहे. वर्षानुवर्षं साध्या पेट्रोलवर चाललेल्या टाकीत जमलेला चिकट मळ ते सोडवतं आणि तो थेट फिल्टरमध्ये अडकतो. चढावर गाडी झटके मारते, जास्त वेगात इंजिन दम टाकतं, पण आयडलिंग मात्र ठीक असतं. अशी लक्षणं दिसली की आधी फिल्टर बदला. पंप बदलायला घाई करू नका.

जुन्या गाड्यांतले नैसर्गिक रबराचे पाइप, बुचाचे गॅस्केट आणि काही फायबरग्लासच्या टाक्या इथेनॉलपुढे टिकत नाहीत. पाइप फुगतो, मऊ पडतो किंवा भेगाळतो. पेट्रोलचा वास आला की उद्यावर ढकलू नका, कारण इथे प्रश्न आगीचा आहे. नवा पाइप घेताना इथेनॉलला चालणारा, शक्यतो फ्लुओरोइलास्टोमर नावाच्या खास कृत्रिम रबराचा, मागून घ्या.

सगळ्या गाड्या सारख्याच समजणं

पेट्रोलच्या एका भागाला नीट जळायला वजनाने 14.7 भाग हवा लागते. इथेनॉलला फक्त 9 भाग पुरते. त्यामुळे साध्या पेट्रोलसाठी सेट केलेल्या कार्ब्युरेटरला ई-20 मध्ये इंधन कमी पडतं. गाडी पिकअपला अडखळते, सायलेन्सरमध्ये फटफट होते, इंजिन जास्त तापतं. जेट किंवा स्क्रूचं सेटिंग जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्या.

फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीत तिचा कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने हे गणित स्वतः जुळवतो, पण त्याच्याही मर्यादा असतात. ती मर्यादा ओलांडली की चेक इंजिनचा दिवा लागतो आणि बऱ्याचदा पी-0171 हा कोड दिसतो. अर्थ एवढाच, की मिश्रणात इंधन कमी आहे. दिवा नुसता घालवू नका, कारण शोधा. ई-85 तर फ्लेक्स-फ्युएल गाडीशिवाय, म्हणजे इथेनॉलच्या कमी-जास्त प्रमाणावर चालायलाच बनवलेल्या गाडीशिवाय, दुसऱ्या कशातही भरू नका.

अमेरिकेत ई-15 ला 2001 आणि त्यानंतरच्या मोटारींसाठी परवानगी आहे, मोटारसायकलींसाठी नाही. ब्राझीलमध्ये ऑगस्ट 2025 पासून साध्या पेट्रोलमध्येच 30 टक्के इथेनॉल असतं. म्हणून दुसऱ्याच्या गाडीला चाललं ते आपल्याला चालेलच असं धरू नका. टाकीच्या झाकणाच्या आत आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं प्रमाण पाहा. महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घेतलं म्हणजे त्यात इथेनॉल नसेल, हा समजही सोडा. इथेनॉलचा स्वतःचाच ऑक्टेन भरपूर असतो.

पाणी घालवणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. त्यांतल्या कित्येकांत अल्कोहोलच असतं, आणि ते तुमच्या पेट्रोलमध्ये आधीच आहे.

शंका असेल तर मोजा

100 मिलिलिटरच्या खुणांच्या नळकांड्यात 10 मिलिलिटर पाणी आणि 90 मिलिलिटर पेट्रोल घ्या, बूच लावून हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर 19 च्या आसपास आला तर पेट्रोल ई-10 आहे, 28 च्या आसपास आला तर ई-20. हे उघड्यावर, ज्योतीपासून आणि चालू इंजिनापासून लांब करा. पेट्रोल तोंडाने ओढून काढू नका. तपासलेलं आणि टाकीतून काढलेलं खराब पेट्रोल गटारात ओतू नका. घट्ट झाकणाच्या, पेट्रोलसाठीच्या डब्यात भरून गॅरेजच्या टाकाऊ इंधनात द्या.