मार्चात विहीर किती मिरची पोसेल?

डिसेंबरात विहीर भरलेली दिसते म्हणून वायंगण शेतीत (पावसाळी भातानंतरच्या हंगामात) लागवड वाढवू नका. जांभा खडक पाणी पटकन घेतो आणि तितक्याच पटकन सोडतो. हिशेब धरायचा तो गेल्या मार्च-एप्रिलच्या पातळीचा.

त्या दिवसांत सकाळी, पंप लावण्याआधी, वजन बांधलेली दोरी सोडून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा. मग साधारण 1 मीटर पाणी उपसून पंप बंद करा. तासाभरात पाणी किती चढले? 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 10 सेंटिमीटर म्हणजे सुमारे 700 लिटर. दहा तासांचे 7,000 लिटर होतात खरे, पण पाणी चढेल तसा झरा मंदावतो, दिवसाला 5,000च धरा. ठिबकवर तेवढ्यात उन्हाळ्यात 1,000 चौरस मीटर मिरची भागते. पाटाने द्याल तर निम्म्याचीही खात्री नाही. बाकीच्या वाफ्यांत भात कापल्याबरोबर अळसांदे (चवळीचा प्रकार) पेरा, जमिनीतल्या ओलीवर बरेचसे निघतात.

फूटव्हॉल्व (पंपाच्या ओढपाइपाच्या टोकाची झडप) तळापासून अर्धा मीटर वर ठेवा, नाहीतर गाळ ओढून इम्पेलर (पंपातले फिरते चाक) झिजतो. किनाऱ्यालगत किंवा खाडीकाठी पाणी मचूळ लागू लागले तर एकदम खोल उपसा करू नका. दिवसातून दोनदा, थोडे थोडे घ्या.