शुगर, बीपी, थायरॉईड, गुडघे... सगळं एकत्र आलं तर कसं सांभाळायचं

एकच आजार असला तर डॉक्टरांनी सांगितलं तेवढं केलं की भागतं, पण तीन-चार एकदम मागे लागले की प्रत्येक स्पेशालिस्ट आपापल्या अवयवापुरतं बघतो आणि सगळ्याची बेरीज पेशंटच्या गळ्यात पडते.

आधी घरातली सगळी औषधं टेबलावर ओता. नाव, किती एमजी, कधी घ्यायची, कशासाठी, कोणी लिहून दिली, असं सगळं एका कागदावर. सर्दीची गोळी, व्हिटॅमिन, जडीबुटी पण लिहा (हे लोक हमखास सांगत नाहीत). एकच औषध दोन ब्रँडच्या नावाने चालू आहे हेही कधीकधी इथेच कळतं.

मग ती यादी घेऊन एकाच डॉक्टरकडे जा, शक्यतो फॅमिली डॉक्टरकडे, आणि सरळ विचारा की यातलं काय कशाच्या आड येतंय आणि काय कमी करता येईल. कारण गुडघ्यासाठी घेतलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक बीपी वाढवू शकते, किडनीला त्रास देऊ शकते, आणि सोबत लघवीची गोळी (जास्त लघवी करवून अंगातलं पाणी कमी करणारी) न् बीपीची काही ठराविक औषधं असतील तर धोका अजून वाढतो. दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू झाल्या की शुगर चढते. बीटा-ब्लॉकर (बीपी-हृदयासाठी देतात ती ठोके कमी करणारी गोळी) घेणाऱ्यांना शुगर उतरल्यावर धडधड जाणवेलच असं नाही, घाम मात्र सहसा येतो, त्याकडे लक्ष ठेवा.

वेळा पण ठरवून घ्या. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून 4 तास लांब.

बीपी घरी मोजताना 5 मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, हात छातीच्या लेव्हलला. उगाच दर तासाला मोजू नका, त्याने फक्त टेन्शन वाढतं.

अजून एक, उलट्या-जुलाब लागले तर मेटफॉर्मिन (शुगरची गोळी), लघवीची गोळी, बीपीची काही औषधं तात्पुरती थांबवावी लागू शकतात. कुठली आणि परत कधी चालू करायची हे बरे असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या, मनाने काहीच बंद करू नका, आणि तो कागद त्याच यादीला स्टेपल करून टाका.