काळ्या रेघांमधलं रक्त

एम.ए.च्या पहिल्या वर्षी मुद्राचित्रांच्या, म्हणजे पत्र्यावर कोरून कागदावर छापलेल्या चित्रांच्या पेपरसाठी मी ‘सांग्विस ख्रिस्ती’ निवडलं. रचना रोममधला शिल्पकार जान लोरेंझो बर्निनी याची, तांब्याच्या पत्र्यावर कोरलं फ्रान्स्वा स्पिएरनं, साल १६७० च्या आसपास. खाली अथांग समुद्र, त्यावर अधांतरी तरंगणारा क्रूस, क्रूसावर ख्रिस्त, वर हात फैलावलेला देवपिता, बाजूला गुडघे टेकलेली ख्रिस्ताची आई मारिया. मी चार पानं लिहून काढली: वादळ, प्रलय, कोपलेला देव, पापी माणसाचा थरकाप. बाईंनी ती वाचून एवढंच विचारलं, “अगं, पण हे पाणी येतंय कुठून?”

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन चित्र स्क्रीनवर जमेल तेवढं मोठं केलं आणि ख्रिस्ताच्या तळहातापासून सुरुवात केली. जखमेतून बारीक रेघांची एक धार निघते. पायांतून, कुशीतून तशाच धारा. त्या खाली उतरतात आणि थेट समुद्राला मिळतात. तो समुद्र रक्ताचा आहे! चित्राच्या लॅटिन नावाचा अर्थही ‘ख्रिस्ताचं रक्त’ असाच. मारियाचे पुढे केलेले हातही तेव्हाच कळले; ती ते रक्त हातांवर झेलते आहे आणि देवपित्याला अर्पण करते आहे.

म्हणून नव्यानं या विषयाकडे वळणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: इथे लाल रंग मदतीला येत नाही. रक्त, पाणी, ढग, कापड, सगळं ब्युरिननं, म्हणजे धातूवर कोरायच्या टोकदार हत्यारानं कोरलेल्या काळ्या रेघांतूनच उभं राहतं. रेघ कुठून निघाली, कुठे गेली, ते बोट ठेवून पाहा. चित्राचा भाव काय, हे त्यानंतर लिहा.

मग चित्राखाली छापलेला मजकूर. तो मी सजावट समजून सोडून दिला होता, आणि ती मोठी चूक होती. त्यात इब्री लोकांस पत्रातलं ९:१४ हे वचन आहे: ख्रिस्ताचं रक्त आपली सद्सद्विवेकबुद्धी शुद्ध करील. लॅटिन येत नसलं तरी अडत नाही, मराठी बायबल उघडा. मात्र एका वचनावर थांबू नका, अख्खा अध्याय वाचा. त्याच अध्यायात, २७ व्या वचनात, माणसाला एकदाच मरण आणि त्यानंतर न्याय नेमलेला आहे, असं येतं. मरण आणि न्याय चित्रात कुठेच काढलेले नाहीत, पण सगळं चित्र त्यांच्याच समोर उभं आहे.

चित्र कुणी, कोणत्या वयात केलं, हेही बघाच. बर्निनीनं सत्तरी ओलांडली होती. रोममधल्या जेझुइटांच्या इल जेझू चर्चमध्ये ‘बोना मॉर्स’, म्हणजे चांगलं मरण यावं यासाठीच्या शुक्रवारच्या उपासनेला तो वर्षानुवर्षं जात असे. १६८० मध्ये तो गेला, तेव्हा याच रचनेचं रंगवलेलं चित्र त्याच्या अंथरुणासमोर होतं. त्याचा मुलगा दोमेनिको यानं चरित्रात वडिलांचं म्हणणं नोंदवलंय. त्याचा आशय असा: माझी पापं या समुद्रात बुडाली आहेत, ईश्वरी न्यायाला ती शोधायची तर या रक्तातच शोधावी लागतील, आणि तिथे एक तर त्यांचा रंग बदललेला असेल, नाहीतर त्यांना दया मिळालेली असेल.

हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. चारही पानं बाजूला ठेवली आणि पुन्हा लिहायला घेतलं, या वेळी देवपित्याच्या हातांपासून. आधी ते मला शिक्षेसाठी उगारलेले वाटले होते. नीट पाहिलं तर तळवे उघडे आहेत, मारिया जे अर्पण करते आहे ते घेण्यासाठी.