उकाड्यात बाळ किरकिरतंय? आधी मान चाचपा
एप्रिल-मेच्या कोकणी उकाड्यात पोट भरलेलं, लंगोट कोरडा, तरी तान्हं रडत असेल तर मानेमागे हात लावा. हातपाय गार असले तरी मान घामेजलेली असेल तर त्याला उकडतंय. टोपडं, दुपटं काढा. एक सुती झबलं पुरे. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून मानेच्या वळ्या, काखा, जांघा ओल्या फडक्याने पुसून कोरड्या करा. घामोळ्यांवर पावडर नको, ती श्वासातून छातीत जाते. ६ महिन्यांच्या आत पाणी किंवा शहाळं मुळीच नाही, घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी. अंगावर जास्त वेळा पाजा. ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त ताप असेल, किंवा ते दूध ओढत नसेल, तर लगेच डॉक्टरांकडे न्या.