शाळेतल्या ब्राँझच्या प्राण्याचा इतिहास शोधायचाय? मग आधी त्याच्या पायाशी बसा

गेटजवळ नाहीतर लायब्ररीसमोर ब्राँझचा सिंह, अस्वल, कासव असं काहीतरी बसलेलं असतं, त्याची एक ठरलेली स्टोरी असते आणि ती सगळ्यांना पाठ असते, पण हा बनवला कोणी आणि पैसे कोणी दिले असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मी आमच्या शाळेतल्या हरणाच्या मागे लागलो तेव्हा पहिले दोन महिने नुसती माणसं विचारत फिरलो. उलटं करायला हवं होतं. आधी शिल्प बघा, मग कागद, आणि माणसं शेवटी.

सगळ्यात आधी ते खरंच ब्राँझ आहे का बघा. हसू नका, अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचा प्रसिद्ध सिंह, निटनी लायन, हा चुनखडीचा आहे, हाइन्ट्स वार्नेके या शिल्पकाराने १९४२ मध्ये तो घडवला. ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ९०–१० च्या आसपास (हल्ली बरेच ठिकाणी कथिलाऐवजी सिलिकॉन असतं). लोहचुंबक लावा, घट्ट चिकटला तर ते लोखंड आहे. चिकटला नाही म्हणून लगेच ब्राँझ ठरवू नका, कारण जस्तालाही चुंबक चिकटत नाही आणि ब्राँझची पूड मिसळलेल्या रेझिनलाही नाही. बोटाच्या पेराने हळूच टकटक करून बघा, ब्राँझचं शिल्प बहुतेक आतून पोकळ असतं आणि टणक, किंचित घुमणारा आवाज येतो, रेझिनचा आवाज प्लास्टिकसारखा बसका येतो. तरी हा नियम सगळीकडे चालत नाही. अमेरिकेतल्याच मेरीलँड विद्यापीठाचं टेस्टूडो नावाचं ब्राँझचं कासव विद्यार्थी पळवून नेत, म्हणून शेवटी त्याच्या पोटात सिमेंट भरलं, आता तिथे टकटक करून काय कळणार? आणि खरवडून तर अजिबात बघू नका प्लीज, हिरवट-तपकिरी थर घासून काढणं म्हणजे अर्धा पुरावा पुसणं.

आता पायाशी बसायचं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी या, टॉर्च वरून न मारता अगदी आडवा धरा, धातूच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, आणि प्राण्याच्या मागच्या पायाजवळ, शेपटीखाली, खालच्या प्लेटच्या कडेने हळूहळू फिरवा. दिवसा सपाट दिसणाऱ्या धातूवर अक्षरांच्या सावल्या उठतात. आमच्या हरणाच्या मागच्या खुराजवळ नखाएवढ्या जागेत ३/८ असं सापडलं, आणि मी तिथून पन्नास वेळा तरी गेलो असेन! वाचता येत नसेल तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासा, फोटोपेक्षा बरेचदा तेच स्पष्ट येतं.

जे सापडेल ते वाचताना दोन घोळ होतात. पहिला म्हणजे ओतकाम करणाऱ्या फाउंड्रीचा शिक्का शिल्पकाराची सही समजणं. "सिर पेर्द्यू" असं फ्रेंचमध्ये कोरलेलं दिसलं तर तो कोणी कलाकार नाही हो, त्याचा अर्थ मेण वितळवून केलेलं ओतकाम. दुसरा घोळ, सही आहे म्हणजे शिल्प त्याच काळातलं असं धरणं. सही मूळ मॉडेलमध्येच असते, त्यामुळे नंतरच्या प्रत्येक कॉपीत ती आपोआप येते. आंत्वान-लुई बारी हा प्राण्यांचा मोठा शिल्पकार १८७५ मध्ये वारला, त्याची मॉडेल्स नंतर बार्बेदिएन फाउंड्रीने घेतली आणि सही तशीच ठेवून ओतकाम चालू राहिलं. ३/८ चा अर्थ मात्र सरळ असतो, आठ प्रतींपैकी तिसरी, म्हणजे याची भावंडं कुठेतरी उभी आहेत आणि त्यांच्यापैकी एखाद्याचा इतिहास आधीच कोणीतरी लिहून ठेवलेला असू शकतो.

चौथऱ्यावरच्या पाटीवर फार भरवसा ठेवू नका. त्यावरचं वर्ष बसवल्याचं असतं, नाहीतर देणगीचं, कधीकधी नुसतं चौथरा नवीन केल्याचं. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात नासाउ हॉल या इमारतीच्या पायऱ्यांशी जे वाघ आहेत ते ए. फिमिस्टर प्रॉक्टर या शिल्पकाराचे, १९११ चे, पण त्या जागी आधी बार्तोल्दीचे सिंह होते, तोच स्टॅच्यू ऑफ लिबर्टीवाला. म्हणजे जागा जुनी आणि प्राणी नवा असं होऊ शकतं, आणि नेमकं इथेच "आमच्या आजोबांच्या वेळेपासून आहे" वाले फसतात.

मग ऑफिस. तिथे जाऊन "पुतळ्याची फाइल द्या" म्हणालात तर नाहीच म्हणणार, कारण तशी फाइल नसतेच. डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ सामानाची नोंदवही) मागा, जमाखर्चाची वही मागा, समितीच्या मीटिंगचं इतिवृत्त मागा. पैसे जिथून हलले तिथे कागद उरतो. शिल्पाचं नाव कुठेच दिसलं नाही तरी चौथऱ्याचं बांधकाम, वाहतूक, क्रेन यांची बिलं बघा, आमचं हरण शेवटी सापडलं ते "ट्रक व हमाली" या एका ओळीत. शाळेची वार्षिकं पण चाळा, ग्रुप फोटोत मागे प्राणी कधीपासून दिसतो आणि कधी नाही एवढं बघितलं तरी तारीख दोन-तीन वर्षांच्या फटीत येते. नाक किती चकचकीत आहे तेही बघा. टेस्टूडो ही १९३३ च्या बॅचची भेट, परीक्षेआधी त्याचं नाक चोळायची तिथली पद्धत, त्यामुळे नाकाचा रंग बाकी अंगापेक्षा वेगळाच. जुन्या फोटोत नाक काळं आणि नंतरच्यात पिवळं दिसलं तर चोळण्याची प्रथा कधी सुरू झाली तेही हाती लागतं.

आता माजी विद्यार्थी आणि जुने शिक्षक. त्यांना "कधी बसवलं?" विचारू नका, सगळे अंदाजे वर्ष ठोकून देतात. "तुम्ही कितवीत होता, तेव्हा हे इथेच होतं का, शेजारी काय होतं" असं विचारा. जुना फोटो हातात देऊन विचारलं तर अजून बरं.

फाउंड्रीचं नाव मिळालं तर त्यांना लिहा, पण नुसतं "आमच्याकडे तुमचा सिंह आहे" नको, शिक्क्याचा क्लोजअप, चारही बाजूंचे फोटो, उंची-लांबी सेंटीमीटरमध्ये आणि प्रतीचा नंबर द्या. सापडलेलं लिहिताना प्रत्येक गोष्टीपुढे ती कुठून आली ते टाका, कागदात दिसलं का कोणी सांगितलं, आणि एक प्रत ऑफिसात, एक लायब्ररीत ठेवा, कारण ऑफिसातली प्रत पुढच्या रंगकामात कुठे जाईल याची गॅरंटी नाही.